आरोग्याचे निर्णय : व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि जबाबदारी

वर्सोव्याच्या धक्क्यावरून बोटीने खाडी ओलांडली की काही मिनिटांतच मढचा किनारा लागतो. रस्त्याने जावयाचे झाल्यास मात्र अंधेरी, मालाड, मार्वे असा मोठा वळसा पडतो. बृहन्मुंबईच्या हद्दीत असूनही मढ, भाटी, एरंगळ ही गावे आपले वेगळेपण राखून आहेत. वलांडीवर वाळणारे बोंबील आणि भल्या पहाटे माशांच्या पाट्या घेऊन बाजाराकडे निघालेल्या कोळी स्त्रिया हे येथील नित्याचे दृश्य होय.

मासेमारीची नौका खोल समुद्रात जाते, तेव्हा तांडेल आणि खलाशी कित्येक दिवस एकत्र राहतात. एकत्र जेवतात आणि अरुंद जागेत शेजारी शेजारी निजतात. अशा नौकेवरील एखाद्या खलाशास दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला येत आहे, असे समजू या. त्याने थुंकीची तपासणी करून घ्यावी की नाही, हे कोणी ठरवावयाचे? शरीर त्याचे आहे. त्याच्या इच्छेविरुद्ध त्यास कोणी हात लावू नये, हे उघड आहे. परंतु त्या नौकेवरील हवा त्याच्या एकट्याची नाही. क्षयरोग असल्यास तो हवेवाटे शेजारच्या माणसापर्यंत पोहोचतो.

आरोग्यविषयक निर्णयांतील व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि तिची जबाबदारी हा प्रश्न अशा साध्या प्रसंगातून उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना महाराष्ट्रास दूर जाण्याचे कारण नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत या भूमीने त्याची दोन्ही टोके अनुभवली आहेत.

प्लेगचा धडा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने शासनास अतिशय व्यापक अधिकार दिले. घरोघर झडत्या, संशयित रुग्णांस सक्तीने रुग्णालयात हलविणे, नातेवाइकांस छावण्यांत ठेवणे, सामानसुमान जाळणे असे उपाय योजले गेले. रोग भयंकर होता आणि काही उपाय आवश्यकही होते. परंतु ते का योजले जात आहेत, हे लोकांस विश्वासात घेऊन सांगण्याचे काम झाले नाही.

परिणाम सर्वज्ञात आहे. लोक आजारी माणसे लपवू लागले, मृत्यू दडवू लागले. लाखो माणसे मुंबई सोडून गेली आणि त्यांच्याबरोबर रोगही बाहेर पसरला. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यात रँड यांच्या देखरेखीखाली सैनिकांनी घरे तपासली. त्या संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत त्यांच्यावर झालेल्या गोळीबारात झाली. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत पुन्हा दंगल उसळली. निमित्त होते एका आजारी मुलीस घरातून हलविण्याच्या प्रयत्नाचे. अखेर सक्तीचे उपाय सौम्य करावे लागले.

त्याच काळाची दुसरी बाजूही ध्यानात घेण्यासारखी आहे. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांना ती देण्यात आली. खोजा समाजाचे तरुण धर्मप्रमुख आगाखान यांनी लोकांसमक्ष लस घेतली आणि त्यांचे अनुयायी पुढे आले. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असताना त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. लोकमान्य टिळकांनी झडत्यांतील जुलमावर टीका केली. पण पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभे करण्यातही त्यांनी पुढाकार घेतला. लोकांचा विरोध उपचारास नव्हता, अपमानास होता, हे यावरून स्पष्ट होते.

१९७६ चा अनुभव

परकी राजवटीने केलेली चूक स्वकीय राजवटीकडून होणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. आणीबाणीच्या काळात कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमास उद्दिष्टांचे रूप आले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन हयात अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले. असे विधेयक संमत करणारे हे देशातील पहिले राज्य होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात परिणत झाले नाही.

या सक्तीचा परिणाम कार्यक्रमास दीर्घकाळ भोवला. पुरुष नसबंदी सोपी व कमी जोखमीची असूनही पुरुष तिच्यापासून दूर गेले आणि कुटुंबनियोजनाचा जवळजवळ सर्व भार स्त्रियांवर पडला. १९७७ नंतर कार्यक्रमाचे नाव ‘कुटुंबकल्याण’ झाले आणि १९९६ पासून वरून ठरवून दिलेल्या उद्दिष्टांची पद्धत सोडण्यात आली. तरीही महाराष्ट्रातील एकूण जननदर १९९२-९३ मधील सुमारे २.९ वरून २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ पर्यंत खाली आला. मुलींचे शिक्षण, बालमृत्यूंतील घट आणि साधनांची उपलब्धता यांनी हा बदल घडवून आणला. जे सक्तीस साधले नाही, ते लोकांच्या स्वतःच्या निर्णयाने साधले.

येथे एक भेद लक्षात ठेवावयास हवा. दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्यांना ग्रामपंचायतीच्या सदस्यत्वासाठी अपात्र ठरविणारी तरतूद महाराष्ट्राने पुढे केली. २००५ मध्ये शासकीय सेवेसाठी लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे नियम केले. त्यांविषयी मतभेद असू शकतात. पण पदासाठी अट घालणे वेगळे आणि माणसास धरून शस्त्रक्रियेच्या मेजावर नेणे वेगळे. कायदा या दोन गोष्टींकडे एकाच दृष्टीने पाहत नाही.

न्यायालयाने आखलेली रेषा

मार्च २०२० मध्ये १८९७ चा तोच साथरोग कायदा राज्यात पुन्हा लागू करण्यात आला. १६ जानेवारी २०२१ पासून कोविडचे लसीकरण सुरू झाले. ते ऐच्छिक होते. परंतु १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या उपनगरी गाड्यांत दोन्ही मात्रा घेतलेल्या सामान्य प्रवाशांनाच प्रवेश देण्याचे ठरले. मढहून मालाड स्थानक गाठून पुढे कामास जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने लस न घेण्याचे स्वातंत्र्य आणि रोजगार यांचा असा संबंध जोडला गेला. या आदेशांच्या वैधतेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात उपस्थित झाला. एप्रिल २०२२ मध्ये राज्यातील निर्बंध उठले.

त्यानंतर महिनाभरात, २ मे २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार या प्रकरणी निकाल दिला. संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदात स्वतःच्या शरीरावरील अधिकार अंतर्भूत आहे. म्हणून कोणासही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्याचबरोबर, समाजाच्या आरोग्यासाठी शासन व्यक्तीच्या हक्कांवर काही मर्यादा घालू शकते, हेही मान्य केले. अशा मर्यादेस तीन कसोट्या लागू होतात : तिला कायद्याचा आधार असावा, तिची खरोखर आवश्यकता असावी आणि ती धोक्याच्या प्रमाणात असावी. लसीकरणानंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांपुढे ठेवण्याविषयीही न्यायालयाने निर्देश दिले. संविधानाच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. त्या कर्तव्याची मर्यादा या निकालाने स्पष्ट झाली.

संमती म्हणजे केवळ सही नव्हे

स्वातंत्र्याचा खरा अर्थ दवाखान्याच्या खोलीत कळतो. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका स्त्रीचे प्रकरण आले. तिने केवळ तपासणीस संमती दिली होती. ती भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले. प्राणावर बेतलेला तातडीचा प्रसंग नव्हता. सज्ञान रुग्ण शुद्धीवर आल्यानंतर स्वतः निर्णय घेऊ शकत असताना दुसऱ्याची संमती पुरेशी नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. उपचार कोणता, तो का, त्यात धोका कोणता, दुसरा मार्ग आहे काय आणि उपचार न केल्यास काय होईल, हे रुग्णास समजेल अशा भाषेत सांगितल्यानंतर मिळालेला होकार म्हणजेच संमती.

या तत्त्वाचा विसर अनेक ठिकाणी पडतो. कायद्यानुसार सज्ञान स्त्रीच्या वैद्यकीय गर्भपातासाठी तिची स्वतःची संमती पुरेशी आहे; पतीची सही आवश्यक नाही. एचआयव्हीची तपासणी २०१७ च्या कायद्यानुसार संबंधित व्यक्तीस समजावून, तिच्या संमतीनेच करावयाची आहे. तरीही ‘घरातील मोठ्या माणसास घेऊन या’ असे उत्तर ऐकावे लागल्याच्या तक्रारी आढळतात.

जबाबदारी कोठे सुरू होते?

मधुमेही माणसाने पथ्य पाळले नाही, तर त्याची हानी मुख्यतः त्याची आणि त्याच्या कुटुंबाची होते. त्यास समजावावे, पण निर्णय त्याचाच. क्षयरोगाची गोष्ट निराळी आहे. औषधास दाद देणाऱ्या क्षयावर साधारण सहा महिन्यांचे उपचार पुरतात आणि शासकीय केंद्रांत ते विनामूल्य मिळतात. योग्य उपचार सुरू झाल्यावर रोग पसरविण्याची शक्ती लवकर कमी होते. परंतु बरे वाटताच गोळ्या सोडल्या, तर जंतू औषधास दाद देईनासे होतात आणि शेजाऱ्यास लागतो तो हा अधिक चिवट रोग. म्हणून दीर्घ फेरीस निघणाऱ्या खलाशाने जाळ्याबरोबर गोळ्यांची पुरेशी पाकिटेही घेणे ही त्याच्या सोबत्यांप्रती असलेली जबाबदारी होय. आणि त्यास इतक्या दिवसांची औषधे एका वेळी देणे, ही आरोग्य केंद्राची जबाबदारी होय.

बालकांच्या बाबतीत तर आईवडील स्वतःच्या शरीराविषयी निर्णय घेतच नसतात; ते दुसऱ्या जिवाच्या वतीने ठरवितात. २०२२ च्या अखेरीस गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरली, बालके दगावली. पुढे भिवंडी व मालेगावातही ती आढळली. गोवर रोखण्यासाठी वस्तीतील सुमारे ९५ टक्के बालके संरक्षित असावी लागतात. अर्धवट लसीकरण झालेल्या घरांतील सर्वच आईवडील विरोधक नसतात. कोणाचा रोजगार बुडतो, कोणी नुकतेच स्थलांतर करून आलेले असते, तर कोणाच्या मुलास मागील वेळी ताप आलेला असतो आणि तो का आला हे कोणी सांगितलेले नसते. अशा घरास दोष देण्यापूर्वी तेथपर्यंत माहिती व सोय पोहोचली काय, हे पाहणे आवश्यक आहे.

अखेरच्या आजाराविषयी

बरे होण्याची आशा उरली नसताना केवळ यंत्रांच्या साहाय्याने प्राण राखावेत काय, हा निर्णयही व्यक्तीचाच आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात दीर्घकाळ अचेत अवस्थेत असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणी ७ मार्च २०११ रोजी झालेल्या निकालाने या प्रश्नास तोंड फुटले. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सुलभ केली. सज्ञान व्यक्तीने दोन साक्षीदारांसमक्ष केलेले असे पत्र आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी साक्षांकित करू शकतो. त्याची प्रत जतन करण्यासाठी महानगरपालिका, नगरपालिका वा पंचायतीने सक्षम अधिकारी नेमावयाचा आहे. आपल्या कार्यालयात असा अधिकारी कोण, हे वाचकांपैकी अनेकांनी स्वतःच पडताळून पाहावे.

आपले काम

अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्याकडे लोक सल्ल्यासाठी येतात. म्हणून त्यांनी काही गोष्टी कटाक्षाने पाळावयास हव्यात. लाभ सांगताना धोकाही सांगावा; लपविलेला लहान धोका पुढे मोठ्या अफवेस जन्म देतो. शिधा, दाखला वा प्रवेश अडवून आरोग्याची उद्दिष्टे पूर्ण करू नयेत. रुग्णाचे नाव व आजार चावडीवर वा वर्गात उघड करू नये, कारण गुप्ततेची खात्री नसेल तर माणूस तपासणीसच येणार नाही. नकार देणाऱ्याची नोंद घेऊन थांबू नये. काही दिवसांनी पुन्हा जावे आणि प्रथम त्याचे ऐकून घ्यावे.

नागरिकाकडूनही अपेक्षा आहे. संसर्गजन्य रोग लपवू नये, सुरू केलेला उपचार पूर्ण करावा आणि ऐकीव गोष्ट पुढे पोहोचविण्यापूर्वी तिची खात्री करून घ्यावी. आपला निर्णय आपला असला, तरी त्याचा परिणाम ज्यांच्यावर होणार आहे त्यांचा विचार त्यात असावा.

मढच्या नौकेवरील त्या खलाशाकडे पुन्हा वळू या. त्यास धरून तपासणीस नेले, तर पुढच्या वेळी तो आणि त्याच्यासारखे दहा जण खोकला लपवतील. क्षय बरा होतो, औषध फुकट मिळते, उपचारकाळात पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपयांचे साहाय्य आहे आणि आजाराची वाच्यता होणार नाही, हे त्यास विश्वासाच्या माणसाकडून कळले, तर तो बहुधा स्वतःहून येईल. तो विश्वासाचा माणूस कोण? कधी तो तांडेल असेल, कधी शाळेतील गुरुजी, तर कधी आपणच.