शंका आणि श्रद्धा

जॉन पॅट्रिक शॅनली यांच्या ‘डाउट’ (२००४) या नाटकात चर्चच्या शाळेतील मठवासिनी मुख्याध्यापिका एका धर्मगुरूविषयी संशय धरिते. निर्णय प्रेक्षकांवर सोपविलेला असून, ठामपणे बोलणारी तीच बाई अखेरीस शंकेने व्याकूळ होते.

तेथील संशय व्यक्तीविषयी. दौंड तालुक्यातील केडगावी मुक्तिमिशन स्थापणाऱ्या पंडिता रमाबाईंची शंका सिद्धांताविषयी होती. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊनही त्रैक्याविषयी त्यांनी गुरुस्थानीच्या भगिनींस उघड प्रश्न विचारिले. सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकिली नाही. पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणिले तेही त्यांनीच.

पूर्वपक्षावाचून सिद्धांत नाही, असे आमची शास्त्रेही सांगतात. म्हणून घरातील मुलामुलींनी धर्माविषयी शंका काढिल्यास वडीलधाऱ्यांनी रागावू नये. उत्तर शोधावयास त्यांच्याजवळ बसावे, हे आम्हांस इष्ट वाटते.