मोटारीची वायर : दीडची की चारची?



नांदगाव पेठजवळ १३५० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. पण वीज कितीही जवळ तयार होवो, विहिरीवरच्या मोटारीला ती पुरेशी मिळते की नाही, हे बरेचसे आपल्या वावरातली वायर ठरवते.

पाइप बारीक अन् लांब असला की शेवटी धार मंदावते. वायरचेही तसेच आहे. ५ अश्वशक्तीच्या थ्री फेज मोटारीला सुमारे साडेसात अँपिअर प्रवाह लागतो. मीटरपासून मोटार २०० मीटरवर आहे आणि तांब्याची दीडची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची, वायर टाकली असे धरा. वाटेतच सुमारे २७ व्होल्ट खर्ची पडतात. चारची टाकली तर फक्त १०. त्यात लाइनच कमी दाबाने आली, की मोटार जास्त प्रवाह ओढते, तापते अन् जळते. ऐन मे महिन्यात असे झाले तर रिवाइंडिंग होईपर्यंत बगीचा तहानलेला राहतो आणि आंबिया बहाराची संत्री गळतात. वायरीत वाचवलेला पैसा असा दुप्पट जातो, बरं का!

म्हणून एवढे करा :

१. अंतर मोजताना विहिरीत उतरणारी केबलही धरा.

२. ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते; पण तेवढ्याच कामाला ती तांब्याच्या दीडपटीहून जास्त चौरस मिलिमीटरची लागते.

३. आयएसआय खूण पाहूनच वायर घ्या.

४. तांबे अन् ॲल्युमिनियम नुसते पिळून जोडू नका. ओलाव्याने जोड गंजतो, सैल होतो आणि तापतो. पिशवीचे प्लॅस्टिक गुंडाळलेला जोड पाण्यात गेला तर विहिरीत उतरणाऱ्याच्या जिवावर बेतते.

५. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. केबल ताणली जाऊ नये म्हणून ती पाइपातून, नांगर लागणार नाही इतकी खोल न्या.

६. मोटार व स्टार्टरच्या पेटीला अर्थिंग हवेच. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत जा.

शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. लाइट गेली आहे, तेवढ्यात जोड करून घेऊ, असे कधीही म्हणू नका. ती केव्हा येईल याचा नेम नसतो. आधी मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा, मगच जाणत्या वायरमनकडून काम करून घ्या. मोटार पुन्हा भरता येते, माणूस नाही.