नळातील शिसे व कथील

विहिरीवरून केळीच्या मळ्यास नेलेला पी.व्ही.सी. नळ रावेर-यावलकडे पुष्कळदा घरच्या रांजणापर्यंतही पोचतो. हे प्लॅस्टिक तापविले की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटून माल काळवंडतो, म्हणून त्यात स्थिरक घालावा लागतो. स्वस्त म्हणून शिशाची संयुगे सर्रास वापरीत. शिसे पाण्यात उतरून मुलांच्या मेंदूस अपाय करते. सबब केंद्र सरकारने २०२१ साली त्यावर निर्बंध घालणारे नियम केले.

शिशाऐवजी कॅल्शियम-जस्ताचा किंवा कथिलाचा स्थिरक वापरतात. कथील म्हणताच कल्हई आठवते. परंतु ती धातुरूप व निरुपद्रवी होय. स्थिरकातील कथील कार्बनशी जोडलेले असते आणि अशी सर्व संयुगे सारखी नसतात. त्यांपैकी डायब्युटिल कथील प्रजननास घातक असल्याने युरोपीय संघाने २०१२ पासून, काही अपवाद वगळता, ग्राहकोपयोगी वस्तूंत त्यास कथिलाच्या वजनाने ०.१ टक्क्याची मर्यादा घातली.

जळगाव-धुळ्याच्या बाजारात नळ घेताना आय.एस. ४९८५ ही खूण पाहावी व स्थिरक कोणता ते दुकानदारास विचारावे. जुना नळ असल्यास रात्रभर साचलेले पाणी प्रथम मळ्यास सोडावे, मग रांजण भरावा.