संरक्षक वायू, वितळजोडकामातील
विद्युत् प्रज्योतीने धातू जोडताना वितळलेल्या धातूचा हवेशी संपर्क येऊ नये म्हणून प्रज्योतीभोवती सतत सोडण्यात येणारा वायू. हवेतील नायट्रोजन (सु. ७८%) व ऑक्सिजन (सु. २१%) तप्त पोलादात शिरल्यास सांध्यात छिद्रे पडतात व तो ठिसूळ होतो. हा दोष पुष्कळदा पृष्ठभागाखाली दडलेला असतो. नांदेड व लातूर या ऊस पिकविणाऱ्या जिल्ह्यांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे सांधे मृदू पोलादाचे असतात. भरलेल्या ट्रॉलीचा सांधा रस्त्यात तुटल्यास जीवितहानी संभवते. म्हणून वायूची निवड केवळ किंमतीवर सोडता येत नाही.

अखंड तार पुरविणाऱ्या पद्धतीत मृदू पोलादासाठी मुख्यतः दोन पर्याय वापरतात. पहिला कार्बन डाय-ऑक्साइड. त्याचा असा वापर १९५३ मध्ये सोव्हिएट रशियात ल्युबाव्हस्की व नोव्होशिलोव्ह यांनी पुढे आणला. प्रज्योतीत या वायूचे अंशतः विघटन होऊन कार्बन मोनॉक्साइड व ऑक्सिजन तयार होतात. म्हणून तारेत मँगॅनीज व सिलिकॉन मिसळलेले असतात. ते ऑक्सिजन शोषून मळीच्या रूपाने वर येतात. सांधा खोलवर भरतो, पण शिंतोडे फार उडतात. हा वायू स्वस्त आहे. उसाच्या मळीपासून मद्यार्क बनविताना होणाऱ्या किण्वनातही तो उपपदार्थ म्हणून निघतो, १०० किग्रॅ. ग्लुकोजपासून सैद्धांतिक दृष्ट्या सु. ४९ किग्रॅ. वायू मिळतो.

दुसरा पर्याय आर्‌गॉनमिश्रित वायूचा. आर्‌गॉन हवेत सु. ०·९३% असून द्रवरूप हवेच्या भागशः ऊर्ध्वपातनाने तो वेगळा करतात. त्यामुळे तो महाग पडतो. मृदू पोलादावर शुद्ध आर्‌गॉनमध्ये प्रज्योत अस्थिर राहते व सांध्याच्या कडा खचतात. म्हणून त्यात १५ ते २५% कार्बन डाय-ऑक्साइड मिसळतात. शिंतोडे कमी होतात व सांधा गुळगुळीत दिसतो.

जाड भागांना व जेथे घासकामाची अडचण नाही तेथे कार्बन डाय-ऑक्साइड पुरेसा ठरतो. पातळ पत्रा किंवा रंगवावयाचा दर्शनी भाग असल्यास मिश्रण योग्य. घासकामाची मजुरी वाचल्याने त्याची जादा किंमत बव्हंशी भरून निघते. वायूचा प्रवाह सामान्यतः मिनिटाला १० ते २० लिटर ठेवतात. तो फार वाढविल्यास भोवरे निर्माण होऊन उलट हवाच आत ओढली जाते.

वाऱ्याचा वेग सेकंदाला सु. २ मी. पेक्षा अधिक असल्यास वायूचे आवरण विस्कटते. उघड्या आवारात कोणताही वायू निवडला तरी आडोसा आवश्यक असतो. तो शक्य नसल्यास लेपित विद्युत् अग्र वापरणे श्रेयस्कर, कारण त्याचा लेप जळून वायू व मळी ही दोन्ही आवरणे मिळतात. आर्‌गॉन व कार्बन डाय-ऑक्साइड हे दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात किंवा टाकीत साचून कामगारास गुदमरवू शकतात. अशा ठिकाणी वायुवीजनाची व्यवस्था केल्याशिवाय काम करू नये.