बालकांना असणारा धोका : परक्याचे भय आणि परिचिताला अभय

'मुले पळविणारी टोळी' म्हटले की कोल्हापूर परिसरात गेली तीन दशके एकच प्रकरण आठवते. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांना १९९६ मध्ये अटक झाली. १९९० पासून राज्याच्या विविध भागांतून तेरा बालकांचे अपहरण आणि त्यांपैकी अनेकांचे खून केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. अंजनाबाईचा मृत्यू खटल्यापूर्वीच झाला. दोघी बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये दिलेली फाशीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली. दयेच्या अर्जावरील दीर्घ विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तिचे जन्मठेपेत रूपांतर केले.

या प्रकरणातून समाजाने घेतलेला बोध 'अनोळखी माणसापासून मूल जपावे' एवढाच राहिला. वस्तुतः प्रकरणाचा तपशील वेगळेच सांगतो. कडेवर मूल असलेल्या स्त्रीचा संशय कोणी घेत नाही, या समजुतीवरच ही टोळी जगत होती. गर्दीत चोरी करताना पकडले गेल्यास मुलाला पुढे करून सहानुभूती मिळविली जाई. शिवाय बळी पडलेली एक बालिका परक्या घरातील नव्हे, अंजनाबाईच्या पूर्वपतीची मुलगी होती. टोळीचा छडाही त्याच कुटुंबामुळे लागला.

परक्याविषयीच्या या भयाची किंमत मोजावी लागते ती भटक्या समाजाला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारे समजून, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार केले. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात लवंगा येथे पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना मारहाण झाली. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. संपूर्ण जमातींना जन्मतः संशयित ठरविणारा १८७१ चा कायदा स्वातंत्र्यानंतर रद्द झाला. राजर्षी शाहू महाराजांनी तर १९१८ मध्येच करवीर संस्थानात काही जातींवरील सक्तीची हजेरी बंद केली होती. परंतु ती हजेरी लोकमानसातून गेली असे म्हणता येत नाही.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, महाराष्ट्रासह तेरा राज्यांतील १२,४४७ बालकांच्या पाहणीत निम्म्या बालकांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार अनुभवल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे बालकाच्या परिचयाचे किंवा विश्वासाच्या स्थानी असलेले होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत, पोक्सो कायद्याच्या कलम ४ व ६ खालील गुन्ह्यांत आरोपी परिचित असण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आढळते. अर्थात हा आकडा जपून वाचावयास हवा, कारण 'परिचित' या सदरात नातलग व शेजारी यांच्याबरोबरच मित्र आणि विवाहाचे आमिष दाखविणारेही येतात.

परिचित व्यक्तीला बळाची गरज क्वचितच भासते. ती प्रथम पालकांचा विश्वास संपादन करते, मग खाऊ, शिकवणी, लाड यांच्या आधाराने बालकाशी एकांत मिळविते आणि शेवटी 'हे आपल्यातच ठेवायचे' असे बजावते. मोठ्यांचे ऐकावे, उलट बोलू नये, हा घरातील संस्कार येथे अत्याचाऱ्याच्याच उपयोगी पडतो. मूल ओरडले नाही, लगेच सांगितले नाही, म्हणून काही घडलेच नसावे, हा तर्क म्हणूनच टिकत नाही. आरोपी घरातील मिळविता पुरुष असेल तर बोलण्याचा परिणाम संपूर्ण कुटुंबाच्या उदरनिर्वाहावर होतो. अशा वेळी मुलाला गप्प बसविणारे अनेकदा त्याचे स्वतःचेच आप्त असतात.

मुलगे सुरक्षित असतात, हा समजही निराधार आहे. वरील पाहणीत लैंगिक अत्याचार सांगणाऱ्यांत मुलग्यांचे प्रमाण निम्म्याहून किंचित अधिक होते.

नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला पोक्सो कायदा बालक मुलगा की मुलगी असा भेद करीत नाही. त्याच्या कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. न दिल्यास कलम २१ खाली शिक्षा होते आणि संस्थाप्रमुखासाठी ती अधिक कडक आहे. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूर प्रकरणात आरोपी शाळेतीलच कर्मचारी होता, आणि माहिती वेळेत न कळविल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर याच कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा नोंदविण्यात आला.