शॅम्पू खाली, पॉवर बँक हातात: विमानतळावर कोणती वस्तू कुठल्या बॅगेत, आणि का?

विमानतळावर ही दोन दृश्यं हमखास दिसतात. सिक्युरिटी चेकच्या ट्रेमधून कुणाचा तरी २०० मिलीचा फेसवॉश बाजूला काढला जातो आणि सांगितलं जातं, "हा चेक-इनमध्ये टाकायला हवा होता." दुसरीकडे कुणाला तरी चेक-इन बॅग उघडायला परत बोलावतात, कारण आत पॉवर बँक दिसली. त्याला सांगतात, "ही हातात ठेवायला हवी होती."

पहिल्यांदा प्रवास करणाऱ्याला वाटतं, हे नियम कुणीतरी मुद्दाम उलटेसुलटे केलेत. पण दोन्हींच्या मागे प्रश्न एकच आहे: या वस्तूमुळे काही विपरीत झालंच, तर ती विमानात कुठे असलेली बरी? हे एकदा डोक्यात बसलं की लांबलचक याद्या पाठ कराव्या लागत नाहीत.

## १०० मिलीचा आकडा आला कुठून?

१० ऑगस्ट २००६. लंडनहून अमेरिका आणि कॅनडाकडे जाणारी विमानं हवेत उडवण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी उघडकीस आणला. सॉफ्ट ड्रिंकच्या साध्या बाटल्यांमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडपासून बनवलेलं द्रव स्फोटक भरून ते केबिनमध्ये न्यायचं, असा तो बेत होता. त्या दिवसापासून हँडबॅगेत कुठलाही द्रव न्यायला बंदी आली. बाळाचं दूध नेऊ दिलं, पण आईवडिलांना ते आधी चाखून दाखवावं लागत होतं.

अडचण मशीनची होती. साधं एक्स-रे मशीन बॅगेचं सपाट चित्र दाखवतं. त्यात बाटली दिसते, पण आत पाणी आहे की आणखी काही, हे खात्रीने सांगता येत नाही. कायमची बंदी ठेवणंही शक्य नव्हतं. म्हणून मधला मार्ग निघाला: प्रत्येक डबी-बाटली जास्तीत जास्त १०० मिलीची, आणि अशा सगळ्या मिळून साधारण १ लिटरच्या एकाच पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत मावतील एवढ्याच. म्हणजे एका माणसाकडे द्रवाचं प्रमाणच कमी राहील. अमेरिकेने सप्टेंबर २००६ मध्ये आणि युरोपने नोव्हेंबर २००६ मध्ये हा नियम लागू केला. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयसीएओने, तशीच शिफारस केली आणि तो जगभर पसरला.

यात लोक नेहमी अडकतात ते इथे:

- मोजमाप बाटलीचं होतं, आतल्या मालाचं नाही. २०० मिलीच्या ट्यूबमध्ये तळाशी जेमतेम ३० मिली उरलं असलं तरी ती ट्यूब अडते.
- 'लिक्विड' म्हणजे फक्त पातळ पदार्थ नव्हे. टूथपेस्ट, हेअर जेल, परफ्यूम, डिओ, फाउंडेशन, पीनट बटर हे सगळं त्यात आलं. सोपी कसोटी: बाटलीतून ओतता येतं, ट्यूबमधून दाबून काढता येतं, फवारता येतं किंवा पोळीवर पसरवता येतं, ते लिक्विड.
- या कसोटीने आईने दिलेलं साजूक तूप, आंब्याचं लोणचं, गुळांबा, श्रीखंड हे सगळं चेक-इन बॅगेत जातं. चकली, शंकरपाळे, बेसनलाडू कोरडे आहेत, ते हातात चालतात.
- प्रवासात लागणारी औषधं आणि बाळाचं दूध-अन्न यांना गरजेपुरती सवलत असते. औषधासोबत डॉक्टरची चिठ्ठी ठेवा, आणि तपासणीच्या वेळी ते स्वतःहून बाहेर काढून दाखवा.
- ड्युटी फ्रीमधली बाटली लाल कडेच्या सीलबंद पारदर्शक पिशवीत मिळते, पावतीसकट. वाटेत दुसरं विमान पकडायचं असेल तर ती पिशवी मुक्कामाला पोचेपर्यंत फोडायची नाही. फोडलीत तर पुढच्या तपासणीत ती साधी मोठी बाटली ठरते.

भारतात हा नियम खरा कडक लागतो तो आंतरराष्ट्रीय प्रवासाला. देशांतर्गत फ्लाइटला पाण्याची बाटली अनेकदा जाऊ देतात. पण 'मागच्या वेळी सोडलं होतं' हा युक्तिवाद रांगेत चालत नाही. शेवटचा शब्द तपासणाऱ्याचा. सुरक्षेचे नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो, म्हणजे बीसीएएस ठरवतो, आणि बहुतेक मोठ्या विमानतळांवर तपासणी सीआयएसएफचे जवान करतात.

## नारळाचं काय?

आपल्याकडे हा प्रश्न येतोच. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं, आणि ते आपोआप तापून पेटू शकणाऱ्या पदार्थांच्या गटात मोडतं. म्हणून सुकं खोबरं ना हातात चालतं, ना चेक-इनमध्ये. अख्खा नारळही एरवी केबिनमध्ये नेता येत नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंना ऑक्टोबर २०२४ मध्ये खास सवलत मिळाली होती, तीही तपासणी करून आणि २० जानेवारी २०२५ पर्यंतच. तेव्हा देवाचा नारळ असला तरी निघण्याआधी एअरलाइनला विचारा.

## मग काही ठिकाणी २ लिटरची बाटली कशी चालते?

कारण मशीन बदललं. नवे सीटी स्कॅनर हॉस्पिटलमधल्या सीटी स्कॅनसारखेच चालतात. बॅगेची वेगवेगळ्या कोनांतून चित्रं घेऊन त्रिमितीय प्रतिमा तयार होते, आणि आतल्या पदार्थाची घनता कळते. पाणी आणि स्फोटक यांतला फरक ओळखता येऊ लागला की १०० मिलीच्या अटीचं कारणच उरत नाही. स्कॉटलंडच्या एडिनबरा विमानतळाने जुलै २०२५ मध्ये ही मर्यादा २ लिटरपर्यंत वाढवली. लॅपटॉप बॅगेतून बाहेर काढायचीही तिथे गरज उरली नाही.

पण यातला खड्डा लक्षात घ्या. ही सवलत त्या विमानतळापुरती असते, प्रवासापुरती नाही. शिकायला गेलेला विद्यार्थी एडिनबराहून मोठी बाटली हातात घेऊन निघाला आणि वाटेत जुन्या मशीनच्या विमानतळावर पुन्हा तपासणी झाली, तर ती बाटली तिथेच राहील. शिवाय सवलत मागेही घेतली जाते. युरोपियन युनियनने १ सप्टेंबर २०२४ पासून नवे स्कॅनर असलेल्या ठिकाणीही १०० मिलीची अट तात्पुरती परत आणली होती. त्यामुळे वाटेतल्या सर्वांत कडक विमानतळाच्या हिशेबाने बॅग भरणं शहाणपणाचं.

## पॉवर बँकेचं गणित बरोबर उलटं

द्रवाच्या बाबतीत भीती असते कुणी मुद्दाम काही करेल याची. बॅटरीच्या बाबतीत कुणाचा वाईट हेतू लागत नाही. ती आपली आपणच पेटू शकते.

लिथियम-आयन सेलमध्ये दोन थरांच्या मध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो. पडल्यामुळे, दाबल्यामुळे किंवा उत्पादनातल्या दोषामुळे तो फाटला की आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं. सेल तापतो, तापल्यामुळे आतल्या रासायनिक क्रिया वाढतात, त्यातून आणखी उष्णता निघते. याला 'थर्मल रनअवे' म्हणतात. एक सेल पेटला की तो शेजारच्याला पेटवतो.

हे विमानाच्या पोटात, सामानाच्या कप्प्यात झालं तर? तिथे माणूस नसतो. आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आत सुरू झालेली ही साखळी थांबवू शकत नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या मालवाहू बोइंग ७४७ मध्ये आग लागली. त्या मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. विमान कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून पाठवायलाच बंदी आहे.

केबिनमध्ये मात्र धूर लगेच दिसतो, वास येतो, आणि क्रूला याचं प्रशिक्षण असतं. आधी ज्वाळा विझवायच्या, मग भरपूर पाणी ओतून सेल थंड करायचे. म्हणून पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या फक्त हँडबॅगेत. नियमाच्या भाषेत पॉवर बँक हे उपकरण नाही, ती 'सुटी बॅटरी' आहे. फोन किंवा ट्रिमर पूर्ण बंद करून चेक-इनमध्ये गेला तर चालतो. पॉवर बँक बंद असो की चालू, चालत नाही.

## तुमची पॉवर बँक बसते का? असं काढा

नियम एमएएचमध्ये नाही, वॉट-अवरमध्ये आहे. लेबलवर 'डब्ल्यूएच' ही इंग्रजी अक्षरं शोधा. नसतील तर: एमएएच × ३.७ ÷ १०००.

- १०,००० एमएएच = ३७ वॉट-अवर
- २०,००० एमएएच = ७४ वॉट-अवर
- २७,००० एमएएच = ९९.९ वॉट-अवर
- ३०,००० एमएएच = १११ वॉट-अवर

१०० पर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० च्या मध्ये असेल तर एअरलाइनची आधी परवानगी हवी. १६० च्या वर असेल तर घरीच ठेवा. १६ इंची मॅकबुक प्रोची बॅटरी ९९.६ वॉट-अवरवर का थांबते, तेही आता कळलं असेल.

गुणताना ५ व्होल्ट धरू नका. ५ हा बाहेर येणारा व्होल्टेज आहे, आतल्या सेलचा ३.७ च्या आसपास असतो. आणि लेबल पुसलेलं असेल तर क्षमता सिद्ध करता येत नाही, त्यामुळे पॉवर बँक जप्त होऊ शकते. रस्त्यावरची बिनलेबलची स्वस्त पॉवर बँक इथे महाग पडते. चीनमध्ये २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानांत '३सी' प्रमाणपत्राचं चिन्ह नसलेली पॉवर बँक नेताच येत नाही.

## हातात म्हणजे डोक्यावरच्या कप्प्यात नाही

२८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियातल्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानच्या विमानात डोक्यावरच्या कप्प्यातून आग लागली. विमान अजून जमिनीवरच होतं, त्यामुळे आतले १७६ जण बाहेर पडू शकले. विमानाचं छप्पर मात्र जळून गेलं. एका पॉवर बँकेच्या आतलं इन्सुलेशन निकामी झालं असावं, असं तपासात पुढे आलं.

कप्पा बंद असतो, धूर उशिरा दिसतो. म्हणजे विमानाच्या पोटातली अडचण थोड्या प्रमाणात वर आलीच. म्हणून दक्षिण कोरियाने १ मार्च २०२५ पासून पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी केली. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरणं बंद केलं. भारतातही डीजीसीएच्या नव्या सूचनांचा रोख हाच आहे: पॉवर बँक वरच्या कप्प्यात नाही आणि उड्डाणात तिच्यावर चार्जिंग नाही. त्यामुळे फोन घरून किंवा गेटजवळच्या सॉकेटवर फुल चार्ज करून निघा.

## याद्यांमध्ये न सापडणाऱ्या दोन गोष्टी

पहिली: गेटवर बॅग काढून घेतली तर. विमान भरलेलं असलं की "जागा नाही, ही बॅग खाली टाकतो" असं सांगून केबिन बॅगेला टॅग लावतात. त्या क्षणी ती चेक-इन बॅग होते. पॉवर बँक, कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या आधी बाहेर काढा. कुणी विचारलं नाही तरी काढा. हे सगळं एका छोट्या पाउचमध्ये असेल तर दहा सेकंदांचं काम आहे.

दुसरी: फोन सीटच्या फटीत पडला तर. स्वतः ओढाताण करू नका, सीट पुढे-मागे करू नका. सीटच्या यंत्रणेत फोन दबला तर तोच पडदा फाटतो. बेल दाबून क्रूला बोलवा. फोन किंवा पॉवर बँक जास्त तापली, फुगली किंवा विचित्र वास आला तरीही लाजू नका, लगेच सांगा.

## निघण्याआधी पाच मिनिटं

- हातात: पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या (टोकांना टेप लावून किंवा वेगळ्या पाउचमध्ये), फोन, लॅपटॉप, औषधं, १०० मिलीपर्यंतच्या बाटल्यांची पारदर्शक पिशवी.
- चेक-इनमध्ये: मोठे शॅम्पू, तूप, लोणची, कात्री, सुरी.
- स्मार्ट सुटकेस चेक-इन करायची असेल तर तिची बॅटरी काढून हातात घ्या. बॅटरी निघतच नसेल तर अशी सुटकेस विकत घेताना दोनदा विचार करा.
- घरी: लायटर, काडेपेटी, फुगलेली पॉवर बँक. व्हेपचा तर प्रश्नच नाही, २०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटवर बंदी आहे.
- शेवटी तुमच्या एअरलाइनचं पान एकदा उघडून पाहा. एअरलाइन सरकारपेक्षा कडक नियम लावू शकते, सैल नाही.

यादीत नसलेली वस्तू समोर आली तर स्वतःला विचारा: ही आपोआप पेटू शकते का? मग ती डोळ्यांसमोर ठेवा. हिच्या आत काय आहे हे मशीनला ओळखता येणार नाही का? मग ती खाली पाठवा. बहुतेक वेळा उत्तर बरोबर येईल.