खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (जन्म: १५ जानेवारी १९२६, गोळेश्वर, तालुका कराड, जिल्हा सातारा, मृत्यू: १४ ऑगस्ट १९८४) हे भारतीय कुस्तीपटू होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मुक्त शैलीच्या बँटमवेट (५७ किलो) गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. वैयक्तिक क्रीडाप्रकारात ऑलिंपिक पदक जिंकणारे ते स्वतंत्र भारताचे पहिले खेळाडू ठरले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी असतानाच त्यांची ऑलिंपिकमधील वाटचाल सुरू झाली.

बालपण आणि शिक्षण

वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले मल्ल होते. पाच भावांत धाकटे असलेल्या खाशाबांना त्यांनी वयाच्या पाचव्या वर्षीच आखाड्यात उतरवले. १९४० ते १९४७ या काळात खाशाबा कराडच्या टिळक हायस्कुलात शिकले. १९४२ च्या चळवळीत भूमिगत क्रांतिकारकांना आसरा देण्याच्या कामी त्यांनी हातभार लावला होता.

पुढील शिक्षणासाठी त्यांनी कोल्हापूर निवडले. मल्लाच्या दृष्टीने यापेक्षा योग्य गाव त्या वेळी महाराष्ट्रात क्वचितच असेल. कसबा बावडा येथील लक्ष्मीविलास राजवाड्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानात कुस्तीला राजाश्रय दिला होता आणि खासबागेचे मैदान उभारले होते. पेठापेठांतून तालमी घुमत होत्या. मात्र हे सारे वैभव लाल मातीचे होते. मातीतल्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चीतपट केल्याखेरीज निकाल लागत नसे आणि लढत कितीही वेळ चाले. गादीवरच्या ऑलिंपिक कुस्तीत वेळ मोजलेला असतो, पंच गुण देतात आणि चपळाईला ताकदीइतकेच मोल असते. ठेंगण्या, हलक्या अंगाच्या खाशाबांना हा दुसरा प्रकार अधिक मानवला.

त्यांची शरीरयष्टी पाहून राजाराम कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी वार्षिक स्पर्धेत त्यांना घेण्यास प्रथम नकार दिला होता. खाशाबांनी थेट प्राचार्यांकडे धाव घेतली, परवानगी मिळवली आणि आपल्याहून धिप्पाड मल्लांना हरवले. पुढे त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ हे टोपणनाव मिळाले.

लंडन ऑलिंपिक, १९४८

कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाचा भार उचलल्यामुळे खाशाबा लंडनला जाऊ शकले. तेथे अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना मार्गदर्शन केले. गादीवर खेळण्याचा फारसा सराव नसतानाही फ्लायवेट (५२ किलो) गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेच्या मल्लांना त्यांनी हरवले, तर इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून ते पराभूत झाले.

निवड आणि पैशांचा प्रश्न

पुढची चार वर्षे खाशाबांनी वरच्या वजनगटासाठी तयारी केली. तरी हेलसिंकीसाठीच्या निवडीत आपल्यावर अन्याय झाल्याचे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. फेरचाचणी घेण्यात आली आणि तीत त्यांनी प्रतिस्पर्धी निरंजन दास यांना चीत करून संघातील स्थान मिळवले.

यानंतर खर्चाचा प्रश्न उभा राहिला. सरकारी मदत पुरेशी नव्हती. गोळेश्वर व परिसरातील लोकांनी वर्गणी गोळा केली. मोठा वाटा उचलला तो राजाराम कॉलेजच्या प्राचार्यपदी राहिलेले बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी. आपल्या विद्यार्थ्यासाठी त्यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा रिकाम्या हाताने परतले असते, तरी घर गहाणच राहिले असते. पदकाची हमी तर कोणीच देऊ शकत नव्हते. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज खर्डेकर यांचेच नाव आहे.

हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२

त्या काळी ऑलिंपिक कुस्तीत एका पराभवाने मल्ल बाद होत नसे. प्रत्येक लढतीच्या निकालानुसार उणे गुण मिळत, पराभवाचे जास्त, तर गुणांवरील विजयाचे कमी. ठरावीक उणे गुण साठले की मल्ल स्पर्धेबाहेर जाई. त्यामुळे पदकासाठी केवळ जिंकणे पुरेसे नव्हते, शक्यतो चीतपट करून जिंकणे हिताचे होते आणि खाशाबांना मातीतल्या शिकवणीचा येथे उपयोग झाला.

कॅनडाचे एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचे लिओनार्डो बासुर्तो आणि जर्मनीचे फर्डिनांड श्मिट्झ यांना त्यांनी हरवले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली लढत दीर्घकाळ रंगली आणि तीत खाशाबांना हार पत्करावी लागली. इशी यांनी पुढे सुवर्णपदक मिळवले. जपानचे त्या ऑलिंपिकमधील ते एकमेव सुवर्ण होते. नियमानुसार दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण थकलेल्या खाशाबांना लगेचच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव यांच्याविरुद्ध उभे राहण्यास सांगण्यात आले. त्यांची बाजू मांडायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. ही लढत खाशाबा हरले आणि मम्मदबेयोव यांना रौप्य, तर खाशाबांना कांस्यपदक मिळाले. याच स्पर्धेत केशव माणगावे यांनी फेदरवेट गटात चौथा क्रमांक मिळवला. ही कामगिरीही जवळजवळ विस्मृतीत गेली आहे.

हॉकी संघाने त्याच ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकल्यामुळे देशभरात हॉकीचीच चर्चा अधिक झाली. कराडला मात्र खाशाबांचे जंगी स्वागत झाले. १५१ बैलगाड्यांची मिरवणूक गोळेश्वरला निघाली आणि एरवी काही मिनिटांच्या वाटेला तिला सात तास लागले. नंतर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली आणि मिळालेल्या पैशांतून खर्डेकर यांचे घर सोडवून दिले.

पोलीस सेवा आणि उत्तरायुष्य

१९५५ मध्ये ते मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची संधी हुकली. सुमारे २७ वर्षांच्या सेवेनंतर ते सहायक पोलीस आयुक्त पदावरून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना खेटे घालावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या मशाल दौडीत त्यांचा समावेश होता. १९८४ मध्ये रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले.

सन्मान

हयातीत त्यांना एकही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला नाही. राज्य शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार आणि २००० सालचा अर्जुन पुरस्कार हे दोन्ही मरणोत्तर होते. २०१० मध्ये दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्र शासनाने त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला आहे.

खाशाबांनंतर भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ४४ वर्षे लागली (लिअँडर पेस, टेनिस, १९९६), तर कुस्तीतील पदकासाठी ५६ वर्षे (सुशील कुमार, २००८). महाराष्ट्राच्या वाट्याला पुढचे वैयक्तिक पदक आले ते २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी नेमबाजीत ते जिंकले आणि तेही कांस्यच होते.